दर्याचा बंद हंगाम : भर पावसात मालवणची काटकसरी सहल



ऊसवाल्याला सुट्टी कधी असते, असे कुणी विचारले तर चटकन उत्तर देता येणार नाही. दिवाळी झाली की तोडीची वाट बघणे आले. टोळी आज येते, उद्या येते, ट्रॉली भरली पण वाटेत रुतली, यात माघ निघून जातो. मग खोडव्याचे पाचट, बुडखे, पाण्याच्या पाळ्या, रात्री-अपरात्रीची वीज. वैशाखात पाहुण्यांची लग्ने. मृगाची पेरणी होते न होते तोवर आडसालीची लागण अंगावर येते. सुट्टी मिळते ती एकाच कारणाने. पाऊस लागतो, चार दिवस उघडत नाही, रानातला वाफसा मोडतो आणि बांधावर पाय घालायची सोय उरत नाही. मग माणूस सोप्यात बसून वळचणीचे पाणी मोजत राहतो आणि घरातली माणसे त्याला कंटाळतात.

अशाच एका आषाढात, महिना सरता सरता, आमच्या गट कार्यालयात बसल्या बसल्या मालवणचा विषय निघाला. कारखान्याचे गाळप बंद, मिल उघडून ठेवलेली, शेतकी खात्याची माणसे लागणीच्या नोंदी घेऊन मोकळी. मालवणला जाऊ म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो असा : "पावसात समुद्राला कोण जातंय व्हय?" प्रश्न रास्तच होता. पण ज्याने विषय काढला त्याचेही म्हणणे खोटे नव्हते. डिसेंबरात मालवणला जायचे तर खोलीला दुप्पट भाडे, गाडी लावायला जागा नाही, आणि घरी तोडीची चिठ्ठी येऊन पडलेली. पावसाळ्यात गर्दी नाही, भाडे निम्मे आणि रानात कामही नाही. तेव्हा जायचे तर आत्ताच.

आम्ही आठ जण निघालो. त्यात तीन बायका होत्या. धारेचे कोण बघणार, हा त्यांच्याकडचा मोठा प्रश्न सुना आणि जावा यांच्यात वाटून सुटला. ओळखीची ट्रॅक्स ठरली, डिझेल आपले. वर्गणी माणशी हजार रुपये आगाऊ घेतली, कारण सहलीचा हिशेब मागाहून करायला गेले की भाऊबंदकी होते. नियम तीनच ठेवले. पहिल्या दिवसाच्या भाकऱ्या, खर्डा, झुणका आणि कांदे घरून घ्यायचे. मुक्काम हॉटेलात नाही, घरगुती. आणि तिसरा नियम नदीचा. आम्हा आठांतल्या तिघांची राने पंचगंगेच्या पूररेषेत आहेत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहे. निघालो त्या पहाटे पाणी इशाऱ्याच्या चार-पाच फूट खाली होते. ते ३९ ला टेकले तर जिथे असू तिथून माघारी फिरायचे, असे ठरले. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्याने पाहिला आहे, त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. उसाचा शेंडा आठवडाभर गढूळ पाण्याखाली राहिला की आतून कुजतो, मग कांड्यांना पांगशा फुटतात आणि वर्षभराची मेहनत वैरणीच्या भावाने जाते.

कोल्हापूरकराला मालवणला उतरायला वाटा बऱ्याच. गगनबावड्यावरून करूळ घाटाने वैभववाडी गाठता येते. पण तो घाट २०२४ च्या जानेवारीपासून रुंदीकरणासाठी वर्षाहून अधिक काळ बंद होता, शिवाय पावसात दरडीचे भय आहेच. आणि पूर चढला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येऊन अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे राहतात. म्हणून आम्ही राधानगरी आणि फोंडा घाट असा रस्ता धरला. जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात बसते.

राधानगरीला थांबल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे कृतघ्नपणा. छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे धरण मनावर घेतले. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा ते पुरे झालेले नव्हते. भिंत पूर्ण व्हायला स्वातंत्र्य यावे लागले. ८.३६ टीएमसी पाणी, म्हणजे आजच्या धरणांपुढे लहानच. पण भोगावतीकाठचा ऊस उभा राहिला तो या पाण्यावर. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे हे आपल्या जिल्ह्यातले एक नवल आहे. तलाव भरला की पाण्याच्याच दाबाने ते आपोआप उघडतात, पाणी उतरले की आपोआप मिटतात. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक पाणी सुटते. एक दरवाजा उघडला की खाली गावोगाव फोन सुरू होतात, कारण ते पाणी काही तासांत आपल्या दारात येणार असते. आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस आणि धुके यांत भिंत दिसत नव्हती, नुसता आवाज ऐकू येत होता. आमच्यातल्या एका जुन्या सभासदाने गाडीतूनच हात जोडले.

पुढे दाजीपूर. १९५८ साली महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य इथे झाले, ते गव्यांसाठी. त्या भागातल्या सभासदांना गवा बघायला अभयारण्यात जायची गरज पडत नाही, तो स्वतःच उसात येतो. तेव्हा त्याचे कौतुक आम्ही बेताने केले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जंगलातून पाणी असे वाहत होते की कुठला ओढा आणि कुठली चर हे कळेना.

घाटमाथ्यावर मात्र मुद्दाम उतरलो. छत्र्या उलट्या होत होत्या, तरी उतरलो. कारण इथे एक गोष्ट दिसते, ती नकाशात बघून समजत नाही. पायाखालच्या खडकावर पडलेला थेंब पूर्वेला कलंडला तर भोगावतीत जातो, पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळतो, आणि पुढे आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर असा मुक्काम करीत बंगालच्या उपसागराला लागतो. आणि तोच थेंब पश्चिमेला घसरला तर कड्यावरून खाली कोकणात पडतो, कणकवलीजवळून जाणाऱ्या गड नदीला मिळून कालावलच्या खाडीतून मालवणच्या उत्तरेला समुद्रात पोहोचतो, तोही दोन-चार दिवसांत. एकाला पाऊण भारत ओलांडायचा, दुसऱ्याला पन्नास-साठ किलोमीटर. आणि पाऊस तरी किती सारखा असावा? गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, आणि त्याच जिल्ह्यात शिरोळकडे पाचशेच्या आसपास. आपला ऊस शिरोळच्या पावसावर पिकत नाही. तो या माथ्यावरच्या पावसावर पिकतो.

घाट उतरताना ड्रायव्हर पोराने गाणी बंद केली. समोरून येणारी गाडी दिव्यावरून ओळखायची, असा तो तासभर होता. खाली फोंड्यात आल्यावर चहा आणि गरम भजी झाली. वर्गणीतला पहिला खर्च तोच.

मालवणात दुपारी बाराच्या सुमारास शिरलो. आमच्या तीन बायकांपैकी एकीने साठी ओलांडली आहे. पंढरपूर झाले, जोतिबा-अंबाबाई तर घरचीच, एकदा काशीही झाली, पण समुद्र पाहिलेला नव्हता. समुद्र पहिल्यांदा बघायला आषाढातला दिवस म्हणजे काही खास मुहूर्त नव्हे. निळे पाणी नाही, क्षितिज नाही. पाणी आणि आभाळ एकाच मळकट रंगाचे, आणि त्यातून एकामागून एक लाटा येऊन काठावर आपटत होत्या. बाईंनी पिशवीतून खण-नारळ काढला. नदीची भरतो तशी ओटी भरली. लाटेने नारळ घेतला, परत आणून टाकला, पुन्हा घेतला. मग त्यांनी विचारले, "आपली नदी हितंच येत्या न्हवं?"

नाही, आपली नदी उलटी जाते, असे सांगितले. घाटावर सांगितले होते तेच पुन्हा सांगितले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग पुराचं पानी ह्यात का सोडत न्हाईत? सकाळी निगालो, दुपारी पोचलो की."

आम्ही हसलो खरे, पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सह्याद्रीचे पाणी पश्चिमेला सोडता येतच नाही असे थोडेच आहे? कोयनेचे पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून पश्चिमेला नेतात, त्यावर वीज करतात आणि ते वाशिष्ठी नदीतून चिपळूणकडे समुद्राला जाते. कृष्णा लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. तेव्हा काम अशक्य कोटीतले नाही. पण बाईंना उत्तर दिले ते आमच्यातल्या एका सभासदाने, ज्याच्या रानाला लिफ्टचे पाणी आहे. तो म्हणाला, "मावशी, जुलैत सोडून देऊ, आणि मार्चात काय पाजायचं उसाला?" पूर येतो तो आठ दिवस, आणि पाणी लागते ते आठ महिने. धरण लवकर भरले तर पुराची भीती, उशिरा भरले तर दुष्काळाची. किती ठेवायचे आणि किती सोडायचे हे ज्यांना जुलैत ठरवावे लागते, त्यांची जागा आम्हाला नको. बाईंचे समाधान झाले नाही. आमचेही पूर्ण झाले आहे असे नाही.

धक्क्यावर गेलो तर किल्ल्याची वाहतूक बंद. ते माहीत असूनही बघायला गेलो होतो. साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. सिंधुदुर्ग समोर, हाकेच्या थोडा पलीकडे, आणि तरी जाता येत नाही. तटाला लाट भिडली की पांढरा फेस बुरुजाच्या माथ्यापर्यंत चढे. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते, असे सांगतात. असे साडेतीनशेहून जास्त पावसाळे त्या तटाने अंगावर घेतले आहेत. जवळच राजकोटला महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा केला होता, तो २६ ऑगस्ट २०२४ रोजी, पहिल्याच पावसाळ्यात, कोसळला. नंतर २०२५ मध्ये तिथे नवा उभारला. दोन्ही बांधकामे एकाच वाऱ्या-पावसातली. यावर आम्ही आपसात बरेच बोललो, ते इथे छापत नाही.

मालवणशी आपले नाते नुसते सहलीचे नाही. हा किल्ला आणि हे बंदर करवीर राज्याकडे होते. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याला आपले इंग्रजी नावही दिले, पण पुढे तो कोल्हापूरकरांना परत मिळाला. अखेर १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांकडे गेले ते गेलेच. म्हणजे आपल्या राजधानीला एके काळी स्वतःचा समुद्र होता.

आमच्यातले जुने सभासद पूर्वी एकदा थंडीत किल्ल्यात जाऊन आलेले. छत्रीखाली उभे राहून त्यांनी आतले सगळे सांगितले. छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, आणि तीन विहिरी. चहूबाजूंनी खारट समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. साखरबाव म्हटल्यावर एकाने लगेच विचारले, "उतारा किती?" मग दिवसभर तेच चालले. कुणी काही गोड बोलले की साखरबाव.

भाकऱ्या खायला रॉक गार्डन गाठले. खडकाळ किनाऱ्यावर केलेली ही बाग. एरवी संध्याकाळी तिथे सूर्यास्त बघायला ही गर्दी असते म्हणे. आम्ही होतो तेव्हा दोन कुत्री आणि आम्ही. आडोशाला बसून खर्डा-भाकरी सोडली. पुढ्यात लाट खडकावर फुटे आणि खारट तुषार भाकरीवर येत. झुणक्याला मीठ कमी आहे अशी सकाळी तक्रार होती, ती मिटली.

याच खडकांत, ओहोटीला पाणी उतरले की साचलेल्या डबक्यांत पोवळी दिसतात. समुद्रातली प्रवाळे. पावसात पाणी इतके गढूळ असते की हात बुडवला तर बोटे दिसणार नाहीत. पण ती तिथेच असतात. या समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातला साधारण ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा, म्हणजे सिंधुदुर्ग, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक. सकाळी गव्यांचे अभयारण्य आणि दुपारी पोवळ्यांचे. एका दिवसात दोन झाली, आणि दोन्हींत एकही प्राणी दिसला नाही. हिशेबी माणसाला हे लागते. पण खरे बघण्यासारखे पुढे होते.

पाऊस वाढला म्हणून किनाऱ्यालगतच्या एका शेडमध्ये शिरलो. आत चार-पाच माणसे जाळी विणत बसलेली. बाहेर होड्या वर ओढून, उलट्या करून, झावळ्या आणि ताडपत्र्यांखाली झाकलेल्या. एकीकडे इंजिन उघडून त्याचे भाग रॉकेलच्या डब्यात धुवायला टाकलेले. आमच्यातला एक जण कारखान्यात फिटर होता. तो बघताच म्हणाला, "हे तर आपलं ऑफ सीझन की!" आणि खरोखर तसेच होते. आपल्याकडे याच दिवसांत मिलचे रोलर काढून ठेवतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, गव्हाणीची साखळी तपासतात. दसऱ्याला बॉयलर पेटतो, मग मोळी टाकायची. यांची मोळी नारळी पौर्णिमेला. दर्याला नारळ द्यायचा आणि मग होड्या पाण्यात.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. २०१५ पासून ही बंदी ६१ दिवसांची झाली. कारण साधे आहे. पुष्कळ मासे याच काळात गाबोळीवर येतात. नद्यांचे गढूळ पाणी समुद्राला खाद्य आणून देते, पिले त्यावर वाढतात. शेडमधल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आम्ही कायद्याबद्दल विचारले. त्याने जाळ्यातून मान वर केली नाही. "सरकारान कायदो मागसून केल्यान," तो म्हणाला. "दर्याचो कायदो आदीपासून आसा."

मग त्याने रापणीची हकिगत सांगितली. ही गोष्ट आपल्या सभासदांनी नीट ऐकावी अशी आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. होडी जाळे सोडत अर्धा गोल मारून येते, दोन्ही बाजूंचे दोर काठावर येतात, आणि वाडीतली तीस-चाळीस माणसे दोन रांगांनी ते ओढत राहतात. मासळी लागली की जागेवर वाटे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा. "दोरयेक हात लावतलो, तेका वाटो गावतलो." आपल्याकडे सहकारी संस्थांचा कायदा १९०४ साली आला आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली. हे लोक त्याच्या किती तरी आधीपासून पोटनियमांशिवाय सहकार करीत आले आहेत. आमच्यातल्या एकाने विचारले, "आणि वाटणीत भांडण झालं तर?" म्हातारा पहिल्यांदाच हसला. भांडण रोज होते, म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी दोर एकट्याने ओढता येत नाही.

आता रापणी कमी झाल्या आहेत. खोल समुद्रातून मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी मासळीचा थवाच्या थवा उचलला जातो, रात्री झगझगीत दिवे लावून मासे गोळा करतात, परराज्यांतले वेगवान ट्रॉलर येतात. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, दिव्यांच्या मासेमारीलाही बंदी आहे. तरी काठावर बसलेल्याच्या जाळ्यात काय येते, हे तो जाणे. अभयारण्यालाही इथल्या मच्छीमारांचा पहिल्यापासून विरोध राहिला आहे. पोवळ्यांशी त्यांचे वैर नाही. पण नकाशावर रेघ ओढली गेली ती त्यांच्या रोजच्या पाण्यावर, आणि उद्या नियम कडक केले तर जाळे टाकायचे कुठे, ही धास्ती. आपल्यापैकी ज्यांची राने धरणात किंवा कालव्यात गेली, त्यांना हे बोलणे अनोळखी वाटणार नाही. दर्या जपला पाहिजे हे म्हातारा आमच्याहून जास्त जाणतो. दोन महिने जाळे वाळत टाकून तो बसतोच की. जपायचे कसे, हे ठरवताना त्याला विचारले असते तर बरे झाले असते, एवढेच.

मुक्काम एका घरात होता. दोन खोल्या, पावसाळी भाव. रात्री ताजी समुद्राची मासळी मिळणार नाही हे मालकीणबाईंनी आधीच सांगितले. खाडीतल्या तिसऱ्यांचे सुके, सुक्या सुंगटाचे कालवण, टाकळ्याची भाजी आणि सोलकढी. श्रावण तोंडावर आला होता, तेव्हा सगळ्यांनी हात सोडून खाल्ले.

जेवण आटोपते तोच फोन आला. आमच्यातल्या एका सभासदाची मोटर नदीकाठी आहे. घरी थोरला मुलगा एकटा. पाणी तासाला बोटभर चढत होते, इशारा दीड फुटावर आला होता. "मोटर काढायची काय?" एवढेच तो विचारत होता. पंधरा अश्वशक्तीची मोटर रात्री पावसात काठावरून एकट्याने काढता येत नाही. सभासद उठून उभा राहिला, पण मालवणातून काय करणार? रात्री घाट चढायचा नाही, यावर ड्रायव्हर ठाम होता आणि त्याचे बरोबर होते. मग फोनाफोनी झाली. भावकीतले दोघे, ज्यांच्याशी बांधावरून तीन वर्षे बोलणे नव्हते, ते, शेजारच्या मोटरीवाले, तालमीतली पोरे. साडेअकराला मुलाचा पुन्हा फोन आला. मोटर वर आली, स्टार्टरची पेटीही काढली, दोर तुटला होता पण निभावले. किती जण होते, असे बापाने विचारले. मोजले न्हाईत, म्हणाला.

पहाटे पाचला निघालो. तारकर्ली, चिवल्याचा किनारा, सगळे राहिले. घाटात एके ठिकाणी दगड-माती रस्त्यावर आली होती, अर्धा तास थांबावे लागले. राधानगरीच्या पुढे भोगावती दोन्ही काठ सोडून रानात पसरायला लागली होती. दहाच्या सुमारास आपापल्या दारात उतरलो. त्या खेपेला पाणी इशाऱ्याला लागून तिथूनच उतरले. ऊस वाचला.

ज्या सभासदांना असे जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. गाडीची चाके आणि वायपर आधी बघून घ्यावेत, घाट दिवसाउजेडी करावा, आणि धुक्यात पुढची गाडी ओलांडायच्या फंदात पडू नये. खडकांवर लाटेजवळ जाऊन फोटो काढू नयेत. एसटीने जायचे तर पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट, तेव्हा ते आणखी स्वस्त पडेल. किल्ला आणि पोवळी बघायचीच असतील तर थंडीत जावे, पण मग तोडीचे काय ते ज्याचे त्याने ठरवावे.

हिशेब असा : डिझेल अडीच हजार, खोल्या चोवीसशे, रात्रीचे जेवण दोन हजार, चहा-भजी-न्याहरी सातशे. एकूण सात हजार सहाशे, म्हणजे माणशी साडेनऊशे. एका टन उसाच्या बिलाचा तिसरा हिस्सासुद्धा लागला नाही. शिल्लक राहिलेल्या चारशे रुपयांचे मालवणातून सुके बांगडे घेतले होते. त्यांच्या वासावरून ट्रॅक्समध्ये फोंड्यापर्यंत वाद चालला, आणि वाटे मात्र आठ सारखे झाले.